ताटातलं रक्तात उतरतं! काय खाल्लं आणि त्याने काय झालं, हे शास्त्रज्ञ कसं ओळखतात?

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या आठवडी बाजारात, एसटी स्टँडच्या बाजूला एक टेबल लागलं होतं. मागे फ्लेक्स : 'फुल बॉडी चेकअप, रक्त न काढता, फक्त ३०० रुपयांत'. हातात एक चकचकीत दांडी धरायची, दोन मिनिटं थांबायचं, की लॅपटॉपला जोडलेल्या प्रिंटरमधून चार-पाच पानं बाहेर. हाडांपासून जीवनसत्त्वांपर्यंत सगळं त्यात. माझ्या पुढे एक आजी उभ्या होत्या. त्यांना सांगितलं, "मावशी, तुमच्या अंगात प्रोटीन कमी आहे आणि रक्तात विष जास्त." लगेच टेबलाखालून पावडरचा डबा निघाला. किंमत १,८०० रुपये. आजींनी कनवटीची पिशवी सोडली.

मला राहवलं नाही. विचारलं, "दांडी धरून रक्तातलं कसं कळतं हो?"

"क्वांटम टेक्नॉलॉजी आहे साहेब." एवढंच उत्तर.

आता गंमत अशी, की माणूस काय खातो हे त्याच्या शरीरातून ओळखता येतं, ही गोष्ट खोटी नाही. त्यासाठी खरंखुरं शास्त्र आहे आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ते खूप पुढे गेलंय. त्याचं नाव मेटाबोलोमिक्स. पण ते दांडीने होत नाही. त्याला रक्त लागतं नाहीतर लघवी लागते, आणि कोट्यवधी रुपयांचं यंत्र लागतं. ते शास्त्र नेमकं काय सांगतं आणि काय सांगत नाही, एवढं माहीत असलं तर असल्या टेबलापुढे उभं राहायची वेळ येणार नाही, म्हणून हा लेख.

मुंग्यांना आधीच कळलं होतं

बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की लघवी पिवळीजर्द होते, हे तुम्ही पाहिलं असेल. त्या गोळीतलं रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, शरीराला हवं तेवढं राहतं आणि जादाचं बाहेर पडतं. तो रंग त्याचाच. बीट खाल्लं तर काही जणांना लाल लघवी होते आणि घाबरून माणूस दवाखाना गाठतो.

जुनी माणसं सांगायची, लघवीला मुंग्या लागल्या तर साखरेचा आजार समजावा. मधुमेह या शब्दातच मध आहे. आपल्या जुन्या वैद्यांनी गोड लघवीवरून हा आजार ओळखला होता. म्हणजे शरीरातून बाहेर पडणाऱ्या एखाद्या पदार्थावरून आतलं काय ते ओळखायचं, ही कल्पना नवी नाही. मुंगीला फक्त साखर कळते. आजच्या यंत्राला एका थेंबात शेकडो पदार्थ कळतात, एवढाच फरक.

खाल्लेलं अन्न पोटात गेलं की त्याचे तुकडे होतात. आतडं, लिव्हर, किडनी आणि पोटातले जंतू असे सगळे त्या तुकड्यांवर काम करतात. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. या सगळ्यात जे बारीक बारीक रेणू तयार होतात, त्यांना मेटाबोलाइट म्हणतात. नाव अवघड असलं तरी तुमच्या लॅबच्या रिपोर्टमध्ये ते आधीपासून आहेत. शुगर, युरिया, क्रिएटिनिन, युरिक ॲसिड, कोलेस्टेरॉल हे सगळे मेटाबोलाइटच. नेहमीची लॅब ते एकेक करून मोजते. मेटाबोलोमिक्समध्ये दिसतील तेवढे सगळे एकाच वेळी मोजतात.

यंत्र काम कसं करतं? खडूच्या टोकाजवळ शाईचा ठिपका देऊन खडू पाण्यात उभा केला की रंग वेगवेगळे होऊन वर चढतात, हा प्रयोग शाळेत केलेला आठवत असेल. पहिली पायरी तशीच, रक्तातले रेणू एकमेकांपासून सुटे करायचे. मग त्यांना विजेचा भार देऊन पळवायचं. हलका रेणू आधी पोहोचतो, जड मागून येतो. पोहोचायला किती वेळ लागला त्यावरून वजन कळतं आणि वजनावरून रेणूची ओळख पटते. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात भलंमोठं लोहचुंबक असतं. त्यात प्रत्येक रेणू आपापल्या ठरलेल्या जागी खूण देतो. दांडीवाल्याच्या टेबलावर यातलं काहीच नव्हतं. नुसता हाताला विजेचा बारीक स्पर्श करून रक्तातले रेणू मोजता येत नाहीत.

"काय खाता?" "भाजी-भाकरी"

शास्त्रज्ञांना एवढा खटाटोप का करावा लागला? कारण आपण.

कोणत्या जेवणाने बीपी वाढतं, कशाने शुगर लागते, हे शोधायचं तर लोक काय खातात ते आधी कळायला हवं. आजवर त्याला एकच उपाय होता, विचारायचं. फॉर्म घेऊन बसायचं आणि काल दिवसभरात काय खाल्लं ते लिहायचं. आता आपल्याकडे हा प्रश्न विचारून बघा. उत्तर ठरलेलं, "काय असणार, भाजी-भाकरी." चहा किती? "दोन कप." मागे उभी असलेली सून तोंडाला पदर लावून हसते, कारण चहा सहा वेळा होतो, प्रत्येक वेळी दोन चमचे साखर आणि सोबत बिस्किटं. सासूबाई खोटं बोलत नसतात, त्यांना ते 'खाणं' वाटतच नाही. रानात सोलून खाल्लेला हरभरा, लग्नातली जिलेबी, पोरांच्या पाकिटातले दोन घास, यातलं काहीच फॉर्मवर येत नाही.

हे फक्त खेड्यातलं नाही बरं का. अमेरिकेत शिकल्यासवरल्या लोकांवर झालेल्या अभ्यासातही हेच दिसलं, की माणूस आपलं खाणं कमीच सांगतो. अशा कच्च्या माहितीवर 'हे खा, ते खाऊ नका' असे निष्कर्ष काढले की आज एक बातमी येते, उद्या तिच्या उलट दुसरी. अंडं कधी चांगलं, कधी वाईट. तूपही तसंच. लोकांचा विश्वास उडाला यात नवल नाही.

मोसंबीची सही

मग तोंडाला न विचारता लघवीला विचारावं, असं ठरलं.

मोसंबी-संत्र्याचं उदाहरण यात सगळ्यात गाजलेलं. या फळांत प्रोलिन बिटेन नावाचा पदार्थ असतो. दुष्काळ, खारट जमीन अशा त्रासात तग धरायला झाड तो बनवतं. आपल्या शरीराला त्याचा फारसा उपयोग नाही, त्यामुळे तो जवळजवळ जसाच्या तसा लघवीतून बाहेर पडतो. आज मोसंबी खाल्ली की उद्यापर्यंत लघवीत त्याची सही उमटलेली असते. (हाच पदार्थ लसूणघासातही भरपूर असतो, पण ती जनावरं खातात, त्यामुळे घोटाळा होत नाही.)

गव्हाचीही अशी खूण आहे. गव्हाच्या दाण्याच्या बाहेरच्या सालीत अल्किलरिसॉर्सिनॉल नावाचे पदार्थ असतात. कोंड्यासकट पीठ खाल्लं तर ते रक्तात दिसतात, मैद्याचा पाव खाल्ला तर जवळपास नाहीच. म्हणजे 'आम्ही गव्हाचंच खातो' असं म्हणून भागत नाही. पीठ बारीक चाळून कोंडा म्हशीपुढे टाकला असेल तर तेही कळतं.

अशा खुणा पक्क्या करायला काय करावं लागतं ते बघण्यासारखं आहे. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी १९ निरोगी माणसं निवडली. त्यांना चार वेळा, प्रत्येक वेळी तीन-तीन दिवस, रुग्णालयातल्या संशोधन केंद्रात ठेवलं. चार वेळा चार तऱ्हेचं जेवण. एक अगदी चांगलं : फळं, भाज्या, कोंड्याचं धान्य जास्त, मीठ-साखर-चरबी कमी. एक अगदी उलटं, आणि दोन मधली. ताटात काय वाढलं ते मोजलेलं, बाहेरचं काही खायला बंदी. लघवी गोळा करून यंत्रात घातली तर चारही ताटं वेगवेगळी ओळखू आली. मग घरी राहून आपापलं जेवणाऱ्या लोकांच्या लघवीवर तीच पद्धत लावून पाहिली, तिथेही ती चालली. हे २०१७ साली प्रसिद्ध झालं. माणसं फक्त १९, पण या कामात गर्दीपेक्षा शिस्त महत्त्वाची.

ताट ते तब्येत

इथपर्यंत फक्त काय खाल्लं ते कळलं. त्याने तब्येतीचं काय झालं, हा पुढचा प्रश्न, आणि खरा अवघड तोच.

त्यासाठी साठवलेलं रक्त कामी येतं. मोठ्या अभ्यासांत हजारो लोकांचं रक्त सुरुवातीलाच घेऊन उणे ८० अंशांवर गोठवून ठेवतात. मग वर्षानुवर्षं त्या लोकांवर लक्ष. कोणाला हार्ट अटॅक आला, कोणाला शुगर लागली, कोण ठणठणीत राहिलं याची नोंद होते. नंतर ते जुनं रक्त काढून यंत्रात घालायचं आणि बघायचं, जे पुढे आजारी पडले त्यांच्या रक्तात तेव्हाच काही वेगळं होतं का.

स्पेनमध्ये सात हजारांवर लोकांवर असा एक मोठा प्रयोग झाला. भूमध्य समुद्राच्या काठचं जुनं जेवण, म्हणजे भाज्या, कडधान्यं, फळं, सुकामेवा, मासे, ऑलिव्ह तेल, घेणाऱ्यांना हृदयाचे आजार कमी होतात का, हे तपासायला. आजार कमी झालेले दिसले. (लोकांचे गट पाडताना काही ठिकाणी चूक झाली होती, म्हणून पहिला लेख मागे घेऊन २०१८ मध्ये दुरुस्त करून पुन्हा छापला. निष्कर्ष मोठा बदलला नाही. चूक जाहीरपणे कबूल करणाऱ्या शास्त्रावर माझा तरी विश्वास वाढतो.)

२०२० साली याच प्रयोगातल्या १,८५९ लोकांचं रक्त तपासून, हे जेवण खरोखर अंगी लागलेल्या माणसाच्या रक्तात ६७ मेटाबोलाइटची एक ठरावीक नक्षी दिसते, असं आढळलं. अमेरिकेतल्या ६,८६८ लोकांतही ती जुळली. कामाची गोष्ट पुढे आहे. माणसाने तोंडाने काय सांगितलं ते हिशोबात धरूनही, ज्याच्या रक्तात ती नक्षी ठळक होती त्याला हृदयविकाराचा धोका कमी होता. म्हणजे दोन माणसांनी 'आम्ही सारखंच जेवतो' असं लिहून दिलं तरी रक्त दोघांत फरक करतं. कोणी कमी-जास्त सांगितलेलं असतं, कोणाच्या शरीरात तेच अन्न वेगळ्या पद्धतीने पचतं.

पचण्यातला हा फरक बराचसा पोटातल्या जंतूंमुळे पडतो. आपल्या जवसाच्या आणि तिळाच्या चटणीत लिग्नन नावाचे पदार्थ असतात. आतड्यातले जंतू त्यांच्यापासून एन्टेरोलॅक्टोन बनवतात. चटणी दोघांनी सारखीच खाल्ली तरी एकाच्या रक्तात ते भरपूर, दुसऱ्याच्या थोडं. अँटिबायोटिकचा कोर्स झाला की ते आणखी खाली जातं, हे फिनलंडमध्ये दिसून आलं. सर्दी-पडशाला दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

डाळ बंद करू नका!

आता सावध राहायची जागा आली. कारण इथूनच व्हॉट्सॲपचे मेसेज तयार होतात.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात पिढ्यान् पिढ्या चाललेला अभ्यास आहे. तिथल्या २,४२२ लोकांची शुगर सुरुवातीला नॉर्मल होती. बारा वर्षांत त्यातल्या २०१ जणांना मधुमेह झाला. जुनं रक्त तपासल्यावर कळलं, की ज्यांच्या रक्तात ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन आणि फेनिलॲलनिन ही पाच अमिनो आम्लं जास्त होती, त्यांना धोका बराच जास्त होता. शुगर नॉर्मल असताना, बारा वर्षं आधी! २०११ साली हे छापून आलं आणि खळबळ उडाली.

ही अमिनो आम्लं असतात कशात? डाळ, दूध, अंडी, मटण, म्हणजे प्रोटीनच्या प्रत्येक पदार्थात. मग डाळ बंद करायची? मुळीच नाही. इन्शुलिन नीट काम करेनासं झालं, की शरीर ही आम्लं नीट वापरत नाही आणि ती रक्तात साचतात. धूर दिसला म्हणजे आगीची खबर लागली. धुराने आग लावली असं कोणी म्हणत नाही. आणि आपल्या खेड्यातल्या ताटात डाळ जास्त पडते, अशी परिस्थिती तरी कुठे आहे?

दुसरं उदाहरण मासळीचं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ४,००७ रुग्णांचा तीन वर्षांचा अभ्यास मांडला. रक्तात टीएमएओ नावाचा पदार्थ जास्त असलेल्यांना हार्ट अटॅक, पक्षाघात आणि मृत्यूचा धोका जास्त होता. लाल मांस आणि अंड्यातल्या काही घटकांपासून पोटातले जंतू आणि लिव्हर मिळून हा पदार्थ बनवतात. त्याच संशोधकांनी, वर्षानुवर्षं प्राण्यापासून आलेलं काहीच न खाणाऱ्या एका माणसाला मटणासारखं लाल मांस खाऊ घातलं, तर त्याच्या रक्तात तो जवळजवळ तयारच झाला नाही. नेहमी मांस खाणाऱ्यांत मात्र झाला. जंतूंची वस्तीच वेगळी!

पण समुद्रातल्या मासळीत हाच टीएमएओ मुळातच असतो. शिळ्या मासळीला जो उग्र दर्प येतो, तो याच पदार्थाचा मासा मेल्यावर तुकडा पडतो म्हणून. मासे खाल्ले की रक्तात टीएमएओ चढतो, तरी मासे खाणारे लोक हृदयविकाराने जास्त मरतात असं दिसत नाही. मग दोष टीएमएओचा, की तो ज्या वाटेने आला त्या वाटेचा? यावर शास्त्रज्ञांत वाद चालू आहे. एका खुणेवरून एखादा पदार्थ शहाणा की गुन्हेगार ठरवता येत नाही, एवढं मात्र त्यातून कळतं.

पाकिटांची नक्षी

किराणा दुकानाबाहेर लटकणाऱ्या माळांचा विषयही या शास्त्राने हातात घेतलाय. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २० माणसांना आपल्या रुग्णालयात ठेवलं. दोन आठवडे त्यांच्या जेवणातली ८० टक्के ऊर्जा कारखान्यात खूप प्रक्रिया केलेल्या पदार्थांतून, आणि दोन आठवडे असे पदार्थ अजिबात नाहीत. हवं तेवढं खा, अशी मुभा होती. पाकिटवाल्या दिवसांत माणसं रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि दोन आठवड्यांत वजन जवळपास एक किलो वाढलं. हे २०१९ सालचं.

२०२५ मध्ये याच संस्थेच्या संशोधकांनी ७१८ लोकांच्या रक्त-लघवीवरून अशा खाण्याची नक्षी शोधली आणि ती या २० जणांवर लावून पाहिली. कोणता माणूस कोणत्या दोन आठवड्यांत आहे, हे नक्षीवरून बरोबर ओळखू आलं. उद्या या खाण्याचा आणि कॅन्सर-मधुमेहाचा संबंध तपासताना 'तुम्ही आठवड्यात किती पाकिटं खाता' असं विचारून उत्तराची वाट बघत बसायची गरज कमी होईल.

पुण्याजवळच्या सहा गावांची गोष्ट

हे सगळं परदेशातलं झालं. पण 'रक्ताला विचारा' हा धडा महाराष्ट्रातल्या खेड्यांनीही जगाला दिलाय, आणि तोही या नव्या यंत्रांचा गाजावाजा होण्याआधी.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर महिलांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, मोजकं खाणाऱ्या बाया. पहिल्यांदा असं दिसलं, की एकूण किती खाल्लं यापेक्षा काय खाल्लं याचा बाळाशी जास्त संबंध आहे. पालेभाजी, फळं आणि दूध वरचेवर घेणाऱ्या आयांची बाळं मोठी होती.

मग रक्त बघितलं. दोन तृतीयांश महिलांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी! मिथाइलमॅलोनिक ॲसिड आणि होमोसिस्टीन हे दोन मेटाबोलाइट बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढतात. पहिलं तर बहुतेक सगळ्याच जणींत वाढलेलं होतं. फॉलिक ॲसिडची कमतरता मात्र जवळपास कोणालाच नव्हती. ही मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फॉलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये इन्शुलिनचा असर सगळ्यात कमी होत होता. म्हणजे पुढे मधुमेहाकडे जाणारी वाट आईच्या पोटातच सुरू झालेली असू शकते. २००८ साली हे प्रसिद्ध झालं आणि जगभर त्याची चर्चा झाली.

याचा अर्थ गरोदरपणातल्या फॉलिकच्या गोळ्या बंद करा असा कोणी काढू नये. त्या बाळाच्या मेंदू-मणक्यासाठी लागतातच. अर्थ एवढाच, की बी-१२ कडेही बघा. ते भाजी-भाकरीत नसतं. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असतं. घरातलं सगळं दूध डेअरीला जातं आणि सुनेच्या वाट्याला कोरा चहा येतो, अशी घरं आपल्या आसपास कमी नाहीत. शाकाहारी गरोदर बाईने डॉक्टरांना बी-१२ बद्दल आपणहून विचारावं. त्याची तपासणी रक्तातून होते, शहरातल्या लॅबमध्ये होमोसिस्टीनही मोजून मिळतं.

शेकडो मेटाबोलाइटची मोठी तपासणी मात्र अजून संशोधनाची गोष्ट आहे. तिच्या जोरावर 'तुम्ही हे खा, हे सोडा' असं एकेका माणसाला ठामपणे सांगता येत नाही, आणि कोणी तसं सांगून महागडं पॅकेज विकत असेल तर पैसे खिशातच राहू द्या. शुगर, बीपी, हिमोग्लोबिन या साध्या तपासण्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होतात, त्या आधी करून घ्या.

आणि रक्त-लघवी तपासायला देताना आदल्या दिवशी काय खाल्लं, कोणत्या गोळ्या घेतल्या, हे सांगायला लाजू नका. लघवी लाल झाली असेल तर बीट खाल्लं होतं का ते आधी सांगा. खाल्लं नसेल तर वाट बघू नका, लगेच दाखवा. बाजारातून असा पावडरचा डबा घेतला असेल तर तो डबाच सोबत घेऊन जा. त्यात काय आहे ते डॉक्टरांना वाचू द्या.